दंतरोपण: बेळगाव सीमाभागातील रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या परिसरातून दात गमावलेली जी माणसे आमच्याकडे येतात, त्यांपैकी बहुतेकांनी 'स्क्रूचे दात' किंवा 'फिक्स दात' हे शब्द कुणाकडून तरी ऐकलेले असतात. त्यासोबत अर्धवट माहिती आणि बरीचशी भीतीही असते. गेली अनेक वर्षे दवाखान्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, ते येथे उत्तरांसह मांडले आहेत. ही उत्तरे तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. मात्र तपासणीला जाताना काय विचारायचे, हे त्यांतून कळावे अशी अपेक्षा आहे.

इम्प्लांट म्हणजे नेमके काय? तो दात असतो का?

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, तर दाताचे मूळ. नैसर्गिक दाताचे मूळ जसे जबड्याच्या हाडात रुतलेले असते, तसा टायटॅनियम धातूचा एक लहान स्क्रू हाडात बसवला जातो. रुग्णाच्या तळहातावर तो ठेवला की बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण तो करंगळीच्या नखाएवढाच असतो: लांबी साधारण ८ ते १३ मिलिमीटर, जाडी ३.५ ते ५ मिलिमीटर. रंग करडा, आणि पृष्ठभाग चकचकीत नसून मुद्दाम खरखरीत केलेला, कारण हाडाच्या पेशींना धरून राहायला तसाच पृष्ठभाग सोयीचा असतो. या स्क्रूवर एक जोडखुंटी येते, आणि त्या खुंटीवर सिरॅमिकचा किंवा झिर्कोनियाचा दात, म्हणजेच कॅप, बसवली जाते. आपण आरशात पाहतो ती कॅप. तिचा सगळा भार पेलतो तो हाडातला स्क्रू.

हाडात धातू घातला तर शरीर त्याला बाहेर टाकत नाही का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि याच्या उत्तरामागे एक योगायोग आहे. स्वीडनमधील डॉ. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची छोटी उपकरणे प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ती निघेनात; हाड त्या धातूशी एकजीव झालेले होते. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हवेतच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि त्या थरामुळे हाडाच्या पेशी धातूला परका न मानता थेट त्याला लागून वाढतात. या क्रियेला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा असे इम्प्लांट बसवले. म्हणजे हे तंत्र काल-परवाचे नाही.

एखादी दाढ काढली तर ती जागा भरायलाच हवी का?

नेहमीच नाही. अक्कलदाढ काढली तर तिची जागा भरण्याची गरज नसते. शेवटची दाढ गेली असेल, समोरच्या जबड्यातही तिची जोडीदार नसेल आणि चावण्यात अडचण येत नसेल, तर काही न करणे हाही योग्य निर्णय असू शकतो, आणि तसे स्पष्ट सांगणे हे दंतवैद्याचे कर्तव्य आहे.

मधली दाढ गेली असेल तर मात्र चित्र बदलते. शेजारचे दात हळूहळू त्या रिकाम्या जागेकडे झुकतात, वरचा दात खाली उतरू लागतो, फटींत अन्न अडकते आणि नवी कीड सुरू होते. शिवाय दात काढल्यावर त्या जागचे हाड आकसते. पहिल्या वर्षात हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातील बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. 'पुढच्या दिवाळीत बघू' असे म्हणत पाच-सहा वर्षे घालवलेल्या जागी इम्प्लांट बसवायचे ठरले, तर आधी हाड वाढवण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. दात काढायचा ठरला त्याच भेटीत पुढे काय करायचे, हे विचारून घ्यावे.

माझा दात दुखतो, किडलाही आहे. तो काढून इम्प्लांट बसवणे अधिक टिकाऊ नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वाचवता येण्यासारखा दात इम्प्लांटसाठी काढू नये. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंची एक मऊ गादी असते. तिच्यामुळे दात चावताना किंचित दबतो, आणि भातातला बारीक खडासुद्धा आपल्याला तत्काळ जाणवतो. इम्प्लांटला ही गादी नसते. तो हाडाला थेट चिकटलेला असल्याने त्याला ती जाणीव नसते, आणि जंतूंपुढे त्याची बचावाची फळीही दुबळी असते. रूट कॅनल आणि चांगली कॅप करून जो दात दहा-पंधरा वर्षे वापरता येणार आहे, तो काढून त्या जागी धातू बसवण्यात रुग्णाचा फायदा नाही. उभा तडा मुळापर्यंत गेला असेल, कीड हिरडीखाली खोलवर पोहोचली असेल किंवा आधाराचे हाडच उरले नसेल, तर मात्र दात काढणे योग्य ठरते. शंका असेल तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत अवश्य घ्यावे; त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

ब्रिज, काढ-घालीची कवळी आणि इम्प्लांट यांतून निवड कशी करावी?

ब्रिजमध्ये रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅप चढवतात आणि मधला दात त्यांच्या आधाराने टांगला जातो. शेजारचे दात धडधाकट असतील, तर एका दातासाठी दोन निरोगी दातांचे कवच कायमचे घासणे मला पटत नाही. तेथे इम्प्लांट श्रेयस्कर. पण त्याच शेजारच्या दातांत आधीच मोठी सिमेंट भरलेली असेल किंवा त्यांना नाहीतरी कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा कमी वेळात आणि शस्त्रक्रियेविना होणारा चांगला पर्याय आहे.

सगळेच दात गेलेल्या ज्येष्ठांची तक्रार बहुधा खालच्या कवळीबद्दल असते. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, खालची मात्र जिभेच्या प्रत्येक हालचालीबरोबर उचलली जाते. भाकरीचा तुकडा चावताना एका हाताच्या बोटाने कवळी दाबून धरणारे आजोबा मी पाहिले आहेत. अशा वेळी सगळे दात इम्प्लांटवर बसवण्याचा आग्रह धरण्याची गरज नसते. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला केवळ दोन इम्प्लांट बसवून त्यांवर बटणासारखी घट्ट बसणारी कवळी करता येते. ती रात्री काढून धुता येते, खर्च आटोक्यात राहतो आणि चावण्याची ताकद कितीतरी सुधारते. पूर्ण बत्तिशीच्या जाहिराती पाहून आलेल्या कुटुंबांना हा साधा पर्याय अनेकदा माहीतच नसतो.

एकूण किती वेळ लागतो? किती वेळा यावे लागते?

सरळ प्रकरणात चार ते सहा भेटी. पहिल्या भेटीत तपासणी आणि थ्रीडी स्कॅन, ज्याला सीबीसीटी म्हणतात. त्यानंतर इम्प्लांट बसवण्याची भेट, सात-दहा दिवसांनी टाके काढणे, हाड जुळल्यावर माप घेणे आणि शेवटी कॅप. मधला प्रतीक्षेचा काळ खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात चार ते सहा महिने असतो, कारण वरचे हाड तुलनेने सच्छिद्र असते.

अथणी किंवा खानापूरच्या आतल्या गावांतून येणाऱ्यांनी या भेटी आधीच ठरवून घ्याव्यात. शस्त्रक्रियेनंतरचा आठवडा ऊसतोडणीच्या किंवा लग्नसराईच्या धामधुमीत येऊ नये एवढे पाहिले, तरी बरेच काम सोपे होते.

तीन दिवसांत पक्के दात बसवून देतात असे ऐकले आहे. ते खरे असते का?

काही ठरावीक परिस्थितींत इम्प्लांटवर लगेच तात्पुरते दात बसवता येतात. हाड दणकट असेल आणि स्क्रू पुरेशा घट्टपणे बसला असेल, तर ती मान्यताप्राप्त पद्धत आहे. परंतु हाड जुळून येण्याचा कालावधी कोणत्याही यंत्राने कमी होत नाही. दात तीन दिवसांत दिले तरी त्यांखालचे हाड आपला वेळ घेणारच, आणि तोपर्यंत मऊ खाण्याचे पथ्य सांभाळावेच लागते. प्रत्येकाला तीन दिवसांत दात, असे तपासणीआधीच कोणी सांगत असेल, तर तेथे घाई करू नये.

शस्त्रक्रियेत फार दुखते का?

भूल देऊन दाढ काढली असेल, तर साधारण तेवढाच त्रास होतो; पुष्कळ रुग्ण त्याहून कमी झाला असे सांगतात. हाडाला वेदना जाणवणारे मज्जातंतू कमी असतात आणि भूल हिरडीला व आसपासच्या भागाला दिली जाते. ड्रिलची थरथर आणि दाब मात्र जाणवतो. त्या वेळी जे थंड पाणी तोंडात येत राहते, ते निर्जंतुक सलाइन असते, आणि ते अत्यावश्यक असते: हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर तेथील पेशी मरू शकतात आणि इम्प्लांट जुळत नाही. त्यामुळे डॉक्टर मध्ये मध्ये थांबत असतील, तर तो उशीर रुग्णाच्या हिताचाच असतो. नंतरचे दोन-तीन दिवस सूज येते. बर्फाचा शेक आणि सांगितलेल्या गोळ्या पुरतात.

'तुमचे हाड कमी आहे' असे सांगितले. मग इम्प्लांट होणारच नाही का?

बहुतेक वेळा होते, पण आधी तयारी करावी लागते. वरच्या दाढांच्या मुळांच्या वर सायनसची पोकळी असते. दाढा जाऊन बरीच वर्षे झाली की ती खाली उतरते आणि स्क्रूला जागा उरत नाही. तेव्हा सायनसचे अस्तर हळुवार वर उचलून तेथे हाडाची भर घालतात. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून ओठाला संवेदना पुरवणारी नस जाते. इम्प्लांटचे टोक आणि ती नस यांत किमान २ मिलिमीटर अंतर राखले जाते, अन्यथा खालचा ओठ बधिर होण्याचा धोका असतो. हे अंतर साध्या सपाट एक्स-रेवरून दर वेळी नेमके कळत नाही, म्हणून थ्रीडी स्कॅनचा खर्च वाचवू नये.

तंबाखू, गुटखा किंवा मशेरीची सवय असेल तर?

निपाणी आणि चिकोडीच्या परिसरात तंबाखू हे शेतातले पीक आहे, वखारीतला रोजगार आहे आणि पुष्कळ घरांत सकाळची सवयही आहे. म्हणून हा प्रश्न आमच्याकडे नीट, न दुखावता विचारावा लागतो. 'तंबाखू खाता का?' असे विचारले की आजी ठामपणे नाही म्हणतात, आणि तेच उत्तर त्या मनापासून देत असतात. 'मशेरी लावता का?' असे विचारले की त्या पिशवीतून छोटी डबी काढून दाखवतात: 'ती तर दात घासायला.' मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरडीवर चोळली की निकोटिन थेट रक्तात जाते, हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम भरायला लागणारे रक्त तेथे कमी पोहोचते. विडी-सिगारेटचा परिणामही तसाच, किंबहुना इम्प्लांट निकामी होण्याशी धूम्रपानाचा संबंध अधिक स्पष्टपणे दिसून आलेला आहे.

शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी आणि नंतर हाड जुळेपर्यंतचे महिने ही सवय पूर्ण बंद ठेवावी. कायमची सुटली तर तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही घटतो, आणि तो लाभ इम्प्लांटपेक्षा मोठा आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पुरेसे उघडत नसेल, तर आधी त्याची तपासणी व्हावी; दाताचा विचार नंतर.

मला साखरेचा आजार आहे, रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. इम्प्लांट करता येईल का?

साखर नियंत्रणात असेल तर करता येते. गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी आम्ही मागतो, आणि ती ७ च्या आसपास असेल तर निश्चिंतपणे पुढे जातो. बरीच वाढलेली असेल तर आधी साखर खाली आणावी, मग शस्त्रक्रिया. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. हिरडीतून थोडे जास्त रक्त आले तर ते दाबून थांबवता येते; बंद केलेल्या गोळीमुळे हृदयात किंवा मेंदूत रक्ताची गुठळी झाली तर ते संकट वेगळेच असते. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच निर्णय होतो.

एक गोष्ट रुग्ण सांगायचे विसरतात: हाडे ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्यातून एकदा घेण्याची गोळी किंवा वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शन. या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड भरून न येण्याचा त्रास होतो, आणि कर्करोगासाठी ती मोठ्या मात्रेत दिली गेली असतील तर धोका वाढतो. तोंडाला किंवा मानेला किरणोपचार (रेडिएशन) घेतले असतील तर तेही आवर्जून सांगावे. जुने कागद असतील तेवढे बरोबर आणावेत.

वयाची अट आहे का?

खालची आहे, वरची नाही. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवत नाहीत, कारण आसपासचे हाड वाढत राहते आणि इम्प्लांट आहे तेथेच राहतो. त्यामुळे शाळेत पडून पुढचा पटाशीचा दात गमावलेल्या मुलाला विशीपर्यंत तात्पुरत्या दातावर थांबावे लागते. सत्तरीतल्या निरोगी माणसाला मात्र केवळ वयामुळे नकार देण्याचे कारण नाही.

खर्च किती येतो? विमा मिळतो का?

आपल्याकडच्या खासगी दवाखान्यांत एका दातासाठी साधारणतः २५,००० ते ५०,००० रुपये येतात. इम्प्लांटची कंपनी, कॅपचा प्रकार आणि हाड भरण्याची गरज यांवर तो आकडा वर-खाली होतो. दर विचारताना एवढेच विचारू नये की 'एकाला किती'. त्यात स्कॅन, जोडखुंटी आणि कॅप धरली आहे का, हे विचारावे, कारण काही ठिकाणी फक्त स्क्रूचा दर सांगितला जातो. बहुतेक आरोग्यविम्यांत अपघाताचे कारण वगळता दंतोपचार धरलेले नसतात. आपली पॉलिसी वाचून घ्यावी.

बेळगावात के. एल. ई. संस्थेचे व्ही. के. दंतविज्ञान महाविद्यालय आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. शिकवणाऱ्या संस्थांत भेटी जास्त होतात आणि वेळ लागतो, परंतु निरनिराळ्या विभागांचे तज्ज्ञ एकाच छताखाली मिळतात. कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याला जाणे चूक नाही. पण सहा महिने ये-जा करणे आणि पुढे कायम तपासणीला जाणे झेपेल का, याचा हिशोब आधी करावा.

कागदपत्रांवर सही करताना काय पाहावे?

सीमाभागात हा प्रश्न वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. संमतिपत्र बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये छापलेले असते, आणि मराठी शाळेत शिकलेली आमची आई-मावशी न वाचताच त्यावर सही करून मोकळी होते. कन्नड बोलता येणे आणि वैद्यकीय कन्नड वाचता येणे यांत मोठे अंतर आहे. संमती म्हणजे समजून दिलेला होकार. म्हणून 'हे मला मराठीत समजावून सांगा' असे म्हणण्याचा संकोच बाळगू नये. इम्प्लांट जुळला नाही तर काय, तो परत बसवण्याचा खर्च कोणाचा, नसेला इजा होण्याची शक्यता आपल्या बाबतीत किती, या तीन गोष्टी आपल्या भाषेत ऐकल्याशिवाय सही करू नये.

उपचार झाल्यावर इम्प्लांटचे कार्ड मागून घ्यावे. त्यावर कंपनी, आकार आणि बॅच क्रमांक असतो. दहा वर्षांनी जोडखुंटी सैल झाली आणि तोवर डॉक्टर गाव सोडून गेले असतील, तर तो कागद नसल्यामुळे योग्य पाना शोधण्यातच दिवस जातात. रेशनकार्डाच्या पिशवीत ते ठेवले तरी चालेल, पण हरवू नये.

इम्प्लांटने कडक भाकरी, ऊस आणि करदंट खाता येतो का?

पहिले दोन आठवडे गरम नसलेला मऊ भात, खिचडी, ताक, उकडलेल्या भाज्या. कॅप बसल्यावर कडक भाकरी दुधात किंवा आमटीत भिजवून सुरू करावी आणि पुढे नेहमीसारखी खावी. दाढेचा इम्प्लांट त्यासाठीच असतो. गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक आणि सुकामेव्याची मिठाई, चिवट असतो; तो लहान तुकडे करून खाल्ला तर अडचण येत नाही. पुढच्या इम्प्लांटने ऊस सोलणे मात्र कायमचे सोडावे. ऊस सोलताना जोर दाताच्या दिशेने न पडता आडवा पडतो, आणि आडव्या झटक्याने सिरॅमिकचा टवका उडतो किंवा आतला स्क्रू सैल होतो. सुपारी फोडणे आणि बाटलीचे झाकण उघडणेही त्यातच आले.

इम्प्लांटला कीड लागत नाही, मग निगा कशाला?

कीड लागत नाही हे खरे, पण भोवतालच्या हिरडीला आणि हाडाला जंतुसंसर्ग होतो, आणि त्यात वेदना जवळजवळ नसतात. ज्याचे दात हिरड्यांच्या आजाराने हलून पडले, त्याच्या तोंडात तेच जंतू शिल्लक असतात. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी एका गृहस्थांच्या बाकीच्या हिरड्यांचा उपचार पुरा होण्याआधी, त्यांच्या आग्रहामुळे, इम्प्लांट बसवला. चार वर्षांत त्याभोवतीचे हाड झिजले आणि तो काढावा लागला. त्यांनी मला दोष दिला नाही, परंतु चूक माझीच होती. तेव्हापासून हिरडी निरोगी झाल्याशिवाय मी हे काम हाती घेत नाही.

मऊ ब्रशने दिवसातून दोनदा घासणे, इम्प्लांट आणि शेजारचा दात यांतील फट छोट्या दातब्रशने साफ करणे आणि दर सहा महिन्यांनी तपासणी एवढे आवश्यक आहे. राख, कोळसा आणि मीठ-मशेरीचे मिश्रण वापरू नये. योग्य रुग्णांत दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदाहून अधिक इम्प्लांट टिकलेले असतात, पण त्यातला 'योग्य' हा शब्द या निगेनेच खरा होतो.

पुढे कधी एमआरआय करावा लागला तर?

टायटॅनियम चुंबकाकडे ओढले जात नाही, त्यामुळे एमआरआय करता येतो. तंत्रज्ञाला आधी कल्पना द्यावी, कारण जबड्याजवळच्या चित्रात थोडी सावली येऊ शकते. बटणाच्या कवळीत चुंबक वापरले असेल तर ते अवश्य सांगावे आणि कवळी काढून ठेवावी.

कॅप हलते आहे असे वाटले तर काय करावे?

घाबरून इम्प्लांट गेला असे समजू नये. बहुतेक वेळा कॅप आणि इम्प्लांट यांना जोडणारा बारीक स्क्रूच सैल झालेला असतो, आणि तो दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा आवळता येतो. त्या बाजूने चावणे थांबवावे, बोटाने किंवा जिभेने हलवत बसू नये, घरी फेव्हिक्विकसारखा डिंक लावू नये, आणि कॅप निघून हातात आली तर ती कागदात न गुंडाळता छोट्या डबीत ठेवून, इम्प्लांटच्या कार्डासह, दोन-तीन दिवसांत दवाखाना गाठावा. हिरडीतून पू येत असेल किंवा कॅपसह खालचा भागही हलत असेल, तर त्याच दिवशी.